पिडियाट्रिक्सची रँक लिस्ट: आठ नावं की अठरा?

फेब्रुवारी लागला की इंटरव्ह्यू आटोपलेले असतात आणि अमेरिकेत पिडियाट्रिक्स रेसिडेन्सीला (बालरोगातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला) अर्ज केलेल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: किती प्रोग्रॅम रँक करू, म्हणजे पसंतीच्या क्रमाने यादीत किती नावं देऊ? केईएम, बीजे किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकलमधून गेलेल्यांना नीट पीजीच्या चॉईस फिलिंगची सवय असते. तिथे पहिल्या फेरीतली जागा सोडता येते, पुढच्या फेरीत अपग्रेड मागता येतं. अमेरिकेत उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा ठरवणाऱ्या ‘मॅच’मध्ये फेऱ्याच नाहीत. एक यादी, एक निकाल, आणि तो दोन्ही बाजूंना बंधनकारक. त्यामुळे काहीजण ‘नको तिथे अडकलो तर’ म्हणून यादी छाटतात, तर काहीजण ‘कुठेच नाही लागलं तर’ म्हणून ताणतात.

दोन्ही पर्यायांकडे बघण्याआधी यंत्र कसं चालतं ते बघू, कारण अर्धे घोळ तिथेच होतात. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपी या संस्थेचा सध्याचा अल्गोरिदम आल्विन रॉथ आणि एलियट पेरान्सन यांनी नव्याने बांधला आणि १९९८ च्या मॅचपासून तो वापरात आहे. याच विषयाच्या सिद्धांतावर रॉथ आणि लॉइड शॅपली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. समजा, तुम्ही ह्यूस्टन पहिलं, क्लीव्हलँड दुसरं आणि ब्रुकलिनमधलं एक मध्यम हॉस्पिटल नववं ठेवलंत. संगणक तुम्हाला आधी ह्यूस्टनमध्ये बसवून बघतो. जागा असेल, किंवा तिथे तात्पुरत्या बसवलेल्या कुणापेक्षा ह्यूस्टनने तुम्हाला वर ठेवलं असेल, तर तुम्ही बसता. नाहीतर पाळी क्लीव्हलँडची. वरच्या आठही ठिकाणी नकार मिळाल्याशिवाय नवव्या नावाकडे कुणी बघतसुद्धा नाही. ते नाव खोडलंत म्हणून ह्यूस्टन मिळण्याची शक्यता कणभरही वाढत नाही. तुम्ही कुणाला कितवं ठेवलंय हे प्रोग्रॅमला दिसत नाही, त्यामुळे ‘खाली टाकलं तर राग येईल’ ही भीतीही बिनबुडाची.

म्हणजे नवव्या नावापुढे विचारायचा प्रश्न एवढाच: जुलैपासून तीन वर्षं तिथे काढणं बरं, की यंदा अनमॅच्ड (कुठेच जागा न मिळता) राहणं बरं?

छोटी यादी कुणाला परवडते

अमेरिकन एमडी कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्याला. मॅच होण्याची शक्यता दाखवणाऱ्या एनआरएमपीच्या आलेखांत त्यांची पिडियाट्रिक्सची रेषा सलग दहा-बारा रँकनंतर जवळजवळ सपाट होते. अशा मुलीकडे सोळा इंटरव्ह्यू असतील आणि शेवटच्या चार गावांत राहण्याची कल्पनाही तिला सहन होत नसेल, तर तिने ती खुशाल काढावीत.

‘हल्ली पिडियाट्रिक्सच्या जागाच भरत नाहीत’ हे वाक्यही अधूनमधून कानावर येतं. २०२४ च्या मॅचमध्ये अडीचशेच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या हे खरंच आहे. पण त्या सगळ्यांसाठी सारख्याच रिकाम्या नव्हत्या. व्हिसा न देणाऱ्या प्रोग्रॅमची रिकामी जागा आपल्या मुलांसाठी असून नसल्यासारखी. या आकड्याच्या भरवशावर कुणी यादी छाटत असेल तर मी त्याला थांबवेन.

पूर्ण यादी कुणाची

भारतातून अर्ज करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची. पाच-सात इंटरव्ह्यू मिळाले असतील तर तीच तुमची यादी. त्यातून काही काढायचं असेल तर कारण भक्कम हवं. ‘पीडी (प्रोग्रॅम डायरेक्टर) हसल्या नाहीत’, ‘बर्फ फार पडतो’, ‘हॉस्पिटलचं नाव कुणी ऐकलेलं नाही’ ही भक्कम कारणं नव्हेत. नावाचं तर सोडाच. फिलाडेल्फिया किंवा सिनसिनाटीच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलचा दबदबा खरा, पण कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये शिकूनही पुढे निओनेटॉलॉजीची (नवजात बाळांच्या उपचारांची) फेलोशिप मिळवणारे असतातच.

भक्कम कारणं माझ्या मते तीन. एक, रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेची मान्यता धोक्यात असणं. ही स्थिती त्यांच्या साइटवर कुणालाही बघता येते. दोन, बोर्ड परीक्षेचा निकाल. अमेरिकन बोर्ड ऑफ पिडियाट्रिक्स प्रोग्रॅमनिहाय उत्तीर्णांचं प्रमाण जाहीर करतं; एखाद्या वर्षी घसरलं तर सोडून द्या, सातत्याने घसरत असेल तर विचार करा. आणि तिसरं, खरं तर सगळ्यात आधी बघायचं, म्हणजे व्हिसा. जे-१ (प्रशिक्षणासाठीचा) आणि एच-१बी (नोकरीसाठीचा) या व्हिसांतला फरक तीन वर्षांपुरता नसतो. जे-१ वर आलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी परतणं किंवा कॉनरॅड-३० सारखा वेव्हर (त्या अटीतून सूट) मिळवून डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करणं, यांपैकी एक वाट धरावी लागते. एच-१बीसाठी अमेरिकन वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेची शेवटची पायरी, स्टेप ३, आधी पास हवी. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर्सची रक्कम लागू झाली. म्हणून वेबसाइटवर जुनं काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. कोऑर्डिनेटरला साधा ईमेल टाकून यंदाचं उत्तर लेखी घ्या.

बाकीची माहिती रेसिडेंट्सकडूनच मिळते, आणि ‘इथे कसं वाटतं?’ विचारून मिळत नाही, कारण त्यावर सगळे ‘वी आर अ फॅमिली’ म्हणतात. ‘रात्री दोन वाजता एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळाची ऑक्सिजन सॅच्युरेशन पडली, तर इंटर्नजवळ उभं कोण असतं?’ असं विचारा. उत्तराआधी ते एकमेकांकडे बघत असतील तर ते नाव खाली सरकवा. काढू मात्र नका. खाली सरकवणं आणि काढणं यांत अख्ख्या वर्षाचा फरक आहे.

आता सोपशी (एसओएपी, म्हणजे मॅचमध्ये उरलेल्या जागांसाठीची दुसरी संधी) तुलना. अनमॅच्ड राहिलात तर मॅचच्या आठवड्यात जास्तीत जास्त ४५ अर्ज करता येतात. प्रोग्रॅमला तुम्ही होऊन फोन किंवा ईमेल करायचा नाही, आणि आलेली ऑफर दोन तासांत स्वीकारायची किंवा सोडायची. तिथे लागलंच तर कधी न पाहिलेल्या ठिकाणी तीन वर्षं. नवव्या क्रमांकाच्या हॉस्पिटलमधल्या माणसांशी तुम्ही निदान बोललेले असता. आणि सोपही हुकलं तर वर्ष जातं, पासआउटचं साल जुनं होतं आणि काही प्रोग्रॅमच्या चाळणीत अर्ज तिथेच अडतो.

खर्चाचं फार मनावर घेऊ नका. वीस रँक नोंदणी फीमध्येच येतात, त्यापुढे प्रत्येकी तीस डॉलर. विसाच्या वर जाणाऱ्याला ही चिंता शोभतही नाही.

खाली फॅमिली मेडिसिन जोडायचं का

हा तिसरा पर्याय घरातूनच सुचवला जातो: ‘अगं, काहीतरी तर मिळेल.’ फॅमिली मेडिसिनमध्येही मुलं तपासायला मिळतात, हे खरं. पण निकाल बंधनकारक आहे आणि दिवसभरात मधुमेह आणि गुडघेदुखीचेही पेशंट असणार. ते मनापासून चालणार असेल तरच पिडियाट्रिक्सची सगळी नावं संपल्यावर ती जोडा. मेड-पेड्सचा (मोठ्यांचं मेडिसिन आणि पिडियाट्रिक्स एकत्र) चार वर्षांचा मार्ग वेगळा. त्याला बॅकअप म्हणून बघणं इंटरव्ह्यूतच उघडं पडतं.

दोघांच्या याद्या एकत्र जोडून मॅचमध्ये उतरणाऱ्या जोडप्यांची गणितं निराळी. तिची आठ आणि त्याची सात नावं म्हणजे छप्पन्न जोड्या, आणि ‘एकाला मिळालं, दुसऱ्याला नाही’ या जोड्या त्यावर. इथे यादी लांबच होते आणि व्हायलाच हवी. फक्त एकाला लागलेलं चालेल का, हे दोघांनी आधी बोलून घ्या, कारण शेवटच्या ओळी त्यावरच ठरतात.

यादी भरताना कोड तपासा. एकाच हॉस्पिटलचे कॅटेगोरिकल (नेहमीचा पूर्ण प्रशिक्षणाचा), प्रायमरी केअर, रिसर्च असे वेगळे ट्रॅक असतात आणि प्रत्येकाचा कोड वेगळा. रिसर्च ट्रॅक वर टाकून कॅटेगोरिकल विसरलात, तर ते हॉस्पिटल तुमच्यासाठी दोन-चार जागांपुरतंच उरतं. शेवटचा बदल केला की यादी पुन्हा सर्टिफाय (अंतिम म्हणून नक्की) करा. मुदत ईस्टर्न वेळेनुसार रात्री नऊला संपते, म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. आदल्या संध्याकाळीच हात झटकून मोकळे व्हा.