रेषा खऱ्या होत्या, खाण खोटी होती

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. जावयाच्या अंगठीसाठी माणिक घ्यायचं होतं. एका ओळखीच्याने खडे विकणारा माणूस घरी आणला. मी सोलापुरात तीस वर्षं विज्ञान शिकवलं, हे त्याच्या कानावर आधीच गेलं असणार. किंमत न काढता त्याने खिशातून पेन्सिलीएवढी काळी नळी काढली. "सर, माझ्या शब्दावर जाऊ नका. तुम्हीच बघा."

तो स्पेक्ट्रोस्कोप होता, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारं साधन. वर्णपटात हिरवा-पिवळा भाग झाकोळलेला, निळ्यात बारीक काळ्या रेषा, तांबड्याच्या टोकाला एक झळकती रेघ. ही क्रोमियमचीच खूण. माणिक म्हणजे कुरुंद, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं खनिज. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या थोड्या जागा क्रोमियमने घेतल्या की तो लाल होतो. "साध्या काचेत हे दिसेल का, सर?" नाहीच दिसत. मी २८,००० रुपये मोजले.

मनात शंका राहिली, म्हणून एप्रिलमध्ये सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि खडा रत्न प्रयोगशाळेत दिला. सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या वाढरेषा आणि वायूचे बुडबुडे दिसले. ज्वालेत पूड वितळवून बनवलेलं माणिक! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नुईने ही पद्धत १९०२ मध्येच जाहीर केली होती.

स्पेक्ट्रोस्कोप खोटं बोलला नव्हता. क्रोमियम आहे, एवढंच तो सांगतो. ते जमिनीखाली शिरलं की माणसाने पुडीत मिसळलं, हे त्या रेषांत दिसत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मेमनने १९६० मध्ये पहिला लेझर चालवला तो कृत्रिम माणकाच्याच कांडीवर. त्याचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश म्हणजे मी पाहिलेलीच ती झळकती रेघ. हे मी वर्गात शिकवलं आहे, म्हणूनच जास्त लागलं.

खाणीतल्या माणकात क्रोमियमच्या जोडीला लोह, व्हॅनेडियम, गॅलियमही अल्प प्रमाणात येतं. क्ष-किरणांच्या तपासणीत माझ्या खड्यात गॅलियम जवळजवळ सापडलंच नाही. लोहही नगण्य. लोह असलं की माणकाची लाल झळाळी दबते. माझा खडा टॉर्चखाली निखाऱ्यासारखा पेटायचा आणि तो माणूस त्याचंच कौतुक करायचा.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याचा फोन बंद आहे, आणि चिठ्ठीवर नुसतं 'तपासलेलं माणिक' लिहिलंय, 'नैसर्गिक' हा शब्द कुठेच नाही. कुणी अशी नळी घेऊन आलं, तर पैसे देण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल मागा. मीही मागितला होता. "पंधरा दिवस लागतात, सर," तो म्हणाला, "आणि मी उद्या हैदराबादला निघालो."