बालीत केचक बघायचा की ओगोह-ओगोह?
रंकाळ्यावर भेळ खाताना बालीला निघालेल्या मित्रानं हेच विचारलं. केचक म्हणजे रामायणावरचा नाच, तो बघणं सोपं. उलुवातूच्या देवळापाशी, समुद्राकाठच्या कड्यावर मावळतीला, तिकीट काढून. वाद्य एकही नाही. उघड्या अंगाची माणसं गोल बसून ‘चक-चक-चक’ करतात आणि जाळातून हनुमान उड्या मारतो. (चष्मा सांभाळा, तिथली माकडं अट्टल चोर.)

पण माझं मत ओगोह-ओगोहला. न्येपीच्या, म्हणजे त्यांच्या शक नववर्षाच्या, आदल्या रात्री गल्लोगल्लीची पोरं बांबू-कागदाचे राक्षस, म्हणजेच ओगोह-ओगोह, खांद्यावर नाचवतात. ईर्षा अगदी आपल्या तालमींच्या गणपती मिरवणुकीसारखी! दुसऱ्या दिवशी, न्येपीला, मात्र सगळं शांत: विमानतळसुद्धा बंद, पाहुण्यानंही हॉटेलातच बसायचं. मित्राला म्हटलं, पाडव्याच्या आसपास रजा मिळत असेल तर बघ. नाहीतर केचक आहेच.