पिग्मा मायक्रॉन: अख्खा सेट नको, दोन पेनं घ्या

इलस्ट्रेशन शिकणाऱ्यांच्या पाउचमध्ये साकुरा कंपनीचं हे जपानी पेन हमखास सापडतं, आणि ते रास्तच आहे. १९८२ साली आलेल्या या पिग्मा शाईत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असतात. म्हणून वाळलेली रेघ पाण्याने फुटत नाही, उजेडात सहज विटतही नाही. आधी रेघ, मग जलरंगाचा पातळ वॉश अशी पद्धत असेल तर हे पेन डोळे झाकून घ्यावं.

मात्र रेघ खरोखर वाळलेली हवी. गुळगुळीत कागदावर शाई वरच्या वर राहते, आणि पावसाळी हवेत तर आणखी वेळ खाते. त्याच कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ मारून ठेवा, दोन मिनिटांनी तिच्यावरून ओला ब्रश फिरवा. राखाडी ओघळ आला तर थांबा.

पेनावरच्या, रेघेची जाडी सांगणाऱ्या नंबरांनी गोंधळ होतो. ०१ म्हणजे ०.१ मिमी नव्हे, ०.२५. ००५ म्हणजे ०.२०, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५० मिमी. लागोपाठच्या दोन नंबरांतला फरक कागदावर जेमतेम दिसतो, त्यामुळे सेटवर पैसे घालण्यात अर्थ नाही. ०१ आणि ०५ घ्या, जोडीला पिग्माचंच ब्रश पेन. मोठे काळे भाग ०८ने भरत बसलात तर पट्टे दिसतात आणि टोकही झिजतं. तिथे ब्रश पेनच हवं.

००५ सुरुवातीला घेऊच नये. धातूच्या नळीतलं ते टोक इतकं नाजूक असतं की जरा दाब पडला की आत जातं, मग नळीची कड कागद ओरबाडते. शिवाय स्केच ऑनलाइन टाकायचं असेल तर हिशेब करून पाहा. ए४ पान २१० मिमी रुंद. ते १०८० पिक्सेलमध्ये बसवलं की एक पिक्सेल साधारण ०.१९ मिमीचा, म्हणजे ००५ची रेघ उरते जेमतेम एका पिक्सेलची. नाजूक हॅचिंगचा, म्हणजे छटेसाठी जवळजवळ मारलेल्या समांतर रेघांचा, पार राखाडी डाग होतो. ०५ची रेघ दोन पिक्सेलांहून जाड राहते, बाह्यरेषा टिकते. छपाईसाठी ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन केलं तर मात्र ००५लाही चार-पाच पिक्सेल मिळतात.

कागद गुळगुळीतच हवा. नुसत्या रेघेला चांगला कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा साधा जाडसर कागद) पुरतो; वॉश द्यायचा असेल तर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत केलेला जलरंग कागद. खरबरीत जलरंग कागद टोकाला कानशीसारखा घासतो.

खालची पेन्सिल हलकी ठेवा. गडद ग्राफाइटवरून पेन चालवलं की त्याची भुकटी टोकात अडकते आणि रेघ तुटक येते. नंतर जोरात खोडलं तर ग्राफाइटबरोबर शाईचा वरचा थरही निघतो, काळी रेघ करडी दिसू लागते. नीडेबल रबराने (मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने) टिपून घ्या, स्कॅनआधी मुख्य रेषा ०५ने पुन्हा पक्क्या करा. पोस्टर कलरवर हे पेन चालवू नका. खडूसारखा थर खरवडला जातो आणि टोक बुजतं.

रिफिल मिळत नाही, याची खंत आहेच. पण शाई संपत आलेलं पेन लगेच फेकू नका. त्याची कोरडी, तुटक रेघ जुन्या भिंतीचा पोत, झाडाची साल आणि पिकलेल्या केसांना छान लागते.