नार्निया: आधी कपाट की आधी अंगठ्या?

सी. एस. लुईसच्या नार्निया या जादुई जगाच्या गोष्टींचा सात पुस्तकांचा संच घरी आला की पहिल्याच दिवशी घोळ होतो. पाठीवर १ आकडा असलेलं पुस्तक आहे 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. पण ते छापून आलं १९५५ मध्ये, सहाव्या क्रमांकाला. १९५० साली सर्वांत आधी आलेल्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'वर आता २ आहे. मुलाच्या हातात आधी कोणतं द्यायचं?

आकडे बदलले त्यामागे एक पत्र आहे. कथेतल्या काळाप्रमाणे, म्हणजे नार्निया निर्माण झाली तिथपासून वाचावं असं एका अमेरिकन मुलाचं म्हणणं होतं, तर पुस्तकं निघाली त्या क्रमाने वाचावीत असं त्याच्या आईचं. १९५७ मध्ये लुईसने मुलाची बाजू घेतली, पण त्याच पत्रात क्रमाने फारसं बिघडत नसावं, असंही लिहिलं. प्रकाशकांनी पुढे पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. माझं मत त्या आईच्या बाजूने आहे.

कपाटाचं पुस्तक उघडा. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडतायत म्हणून चार भावंडांना गावाकडच्या एका प्रोफेसरांच्या घरी धाडलंय. (१९३९ मध्ये ऑक्सफर्डजवळ लुईसच्या स्वतःच्या घरी अशी मुलं राहायला आली होती.) धाकटी लूसी एका कपाटात शिरते. आत लोकरी कोट, डांबरगोळ्यांचा वास. ती चाचपडत आत जाते, पायाखाली काहीतरी करकरतं, तिला वाटतं आणखी डांबरगोळ्याच. खाली वाकून हात लावते तर गार बर्फ. मग गालाला कोटांऐवजी टोचतात झाडाच्या फांद्या, आणि पुढे रानाच्या मधोमध एक पेटलेला दिव्याचा खांब. रानात खांब कुणी रोवला? लुईस काही सांगत नाही. पुढे अस्लान (या गोष्टींतला सिंह) हे नाव पहिल्यांदा निघतं, तेव्हा लेखक म्हणतो की अस्लान कोण हे मुलांना माहीत नव्हतं, जसं तुम्हालाही नाही. 'नेफ्यू' आधी वाचलेलं मूल इथे म्हणणार, 'मला माहितीय की!' अख्ख्या प्रसंगातली हवाच गेली.

'नेफ्यू'मध्ये डिगरी आणि पॉली जादूच्या पिवळ्या-हिरव्या अंगठ्यांनी जगाजगांत फिरतात. विनोद इथे जास्त आहे. एक चेटकीण लंडनच्या रस्त्यावर घोडागाडी भरधाव सोडते आणि दिव्याच्या खांबाची दांडी उपटते. तीच दांडी ती नव्या नार्नियात अस्लानवर फेकून मारते. दांडी जमिनीत पडते आणि रोपासारखी वाढून खांब होते. कपाट कुठल्या लाकडाचं, तेही इथेच कळतं. कोडं आधी पडलेलं असेल तर या सगळ्याला मजा आहे. नाहीतर ही नुसतीच माहिती.

पण 'नेफ्यू' मागे ठेवण्याचं माझं खरं कारण वेगळं आहे. डिगरीची आई मरणाच्या दारात आहे. तो अस्लानकडे तिच्यासाठी औषध मागतो आणि मान वर करून बघतो, तर सिंहाच्या डोळ्यांत त्याच्यापेक्षा मोठे अश्रू. शेवटी एक सफरचंद मिळतं आणि आई बरी होते. लुईस बेलफास्टचा, जन्म १८९८चा. १९०८ मध्ये तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई कॅन्सरने गेली. बरी व्हावी म्हणून त्याने प्रार्थना केली होती. पन्नाशी उलटल्यावर त्याने ते सफरचंद लिहिलं. अस्लानचा लळा लागायच्या आधी हा प्रसंग वाचला तर वाया जातो.

आणखी एक शंका बऱ्याच घरांत निघते: हा ख्रिस्ती प्रचार आहे का? अस्लान दुसऱ्याच्या गुन्ह्यापायी स्वतः मरण पत्करतो आणि परत उठतो. ही ख्रिस्ताचीच गोष्ट आहे, आणि ती लपवलेलीही नाही. लुईस सांगतो, सुरुवात धर्मापासून झालीच नव्हती. बर्फाळ रानातून छत्री आणि पुड्या घेऊन चाललेला, बकरीच्या पायांचा फॉन हे चित्र सोळाव्या वर्षापासून त्याच्या डोक्यात होतं. माझ्या भाचीने गोष्ट म्हणूनच वाचलं. रात्री सिंहाच्या मरणावर रडली आणि सकाळी पुढचं पुस्तक मागितलं. मला जास्त खटकतात ते याच संचातल्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधले फेटेवाले, सावळे, क्रूर कॅलोरमेन, म्हणजे नार्नियाच्या शत्रुदेशाचे लोक. तिथे मुलाशेजारी बसून दोन शब्द बोलावेत.

मोठ्यांना लुईसचं आयुष्य जाणून घ्यायचं असेल तरी निवड दोन पुस्तकांतच आहे. 'सरप्राइज्ड बाय जॉय' (१९५५) मध्ये बालपण, शाळा, पहिल्या महायुद्धातले खंदक आणि नास्तिकाचा आस्तिक झालेला माणूस आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांबरोबर ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या आवारात रात्री उशिरापर्यंत बोलत फिरल्यावर १९३१ मध्ये तो ख्रिस्ती झाला. हेच टॉल्किन, ज्यांना पुढे नार्निया मुळीच आवडली नाही! शीर्षकातली 'जॉय' मात्र त्याची बायको नव्हे; तो शब्द त्याने एका अनावर ओढीसाठी वापरलाय. पुस्तक बारकाव्यांनी भरलेलं आहे, पण शाळेचे दिवस संपता संपत नाहीत.

'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' (१९६१) जेमतेम शंभर पानांचं. पत्नी जॉय डेव्हिडमन १९६० मध्ये कॅन्सरने गेली, त्यानंतरच्या या वह्या. त्या त्याने टोपणनावाने छापल्या. दुःख भीतीसारखं वाटतं, असं पहिल्याच वाक्यात येतं. देवाकडे अगदी गळ्याशी आल्यावर जावं, तर तोंडावर दार आपटतं आणि आतून कडी लावल्याचा आवाज येतो, असं लिहिणारा हा माणूस वीस वर्षं रेडिओवरून आणि पुस्तकांतून देवाची बाजू मांडत होता. एकच वाचायचं तर हे वाचा. फक्त घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर थोडं थांबून.

परत मुलांच्या संचाकडे. पाठीवरचे आकडे विसरा आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा: २, ४, ५, ६, ३, १, ७.