पावागड पायी: दुधिया तलावापर्यंत नेणाऱ्या ग्रुपबद्दल

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि वन्सं बडोद्यातल्या एका छोट्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर पावागडला गेलो. चांपानेरहून जुन्या वाटेनं चढत माची, तिथून वर दुधिया तलाव आणि उतरताना रोपवे. नाश्ता धरून माणशी ९०० रुपये. मी ६१ वर्षांची, वन्सं माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. माझा उजवा गुडघा मधूनमधून धरतो. तरी दोघी वरपर्यंत चढलो, ते त्यांच्या आखणीमुळे.

बडोद्याहून पावागड साधारण ५० किलोमीटर. आम्ही सगळे लहानपणापासून जातो ते देवीला: माचीपर्यंत एसटी, पुढे उडन खटोला (म्हणजे रोपवे), दर्शन, परत. गडाचे दरवाजे ओलांडत जाणारी पायवाट मी इतक्या वर्षांत कधी चढलेच नव्हते.

ग्रुप नेणारा मुलगा पंचविशीतला. निघण्याआधी त्यानं सगळ्यांना बूट काढायला लावून मोज्यांच्या घड्या सारख्या करायला लावल्या. स्वतः शेवटच्या माणसाबरोबर चालला, म्हणजे बहुतेक वेळ माझ्याबरोबर. "धीमे धीमे, मासी," एवढंच म्हणायचा. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, बसायचं नाही, उभ्यानंच. बारापर्यंत दुधिया तलाव गाठला नाही तर असू तिथून परत, हे त्यानं खालीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे वर घासाघीस झाली नाही.

सात कमानींपाशी वारा अंगावर आला. माचीच्या अलीकडे एका वळणावर खाली वडा तलाव दिसला, सकाळच्या उन्हात पत्र्यासारखा चकाकत होता. तिथे त्यानं पंधरा मिनिटं थांबू दिलं. नाश्त्याला थेपले आणि छुंदा. पिशवी उघडी ठेवू नका, माकडं टपलेली असतात. वरच्या तलावांची नावं तर स्वयंपाकघरातली: दुधिया, छाशिया, तेलिया. छाशियाच्या काठचं लकुलीशाचं जुनं देऊळ वन्संनी हात लावून पाहिलं. बडोद्यात आपल्या दाराशी वाहणारी विश्वामित्री नदी याच डोंगरात उगम पावते, हे तिथे उभं राहून ऐकताना मला भरून आलं.

आता तक्रारी. न्यायमंदिरापाशी सहाला या म्हणाले, गाडी सात वाजून दहा मिनिटांनी आली. थंडीत दोन म्हाताऱ्या रस्त्यावर उभ्या होत्या आणि एकाही फोनला उत्तर नाही. त्या उशिरापायी शेवटचा चढ उन्हात चढावा लागला. रोपवेचं तिकीट ९०० मध्ये नाही, हेही वर गेल्यावर कळलं. आणि इतिहास सांगताना १४८४ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगड्यानं गड घेतला, इथपर्यंत छान, पण पुढे हा गड शिंद्यांकडे होता आणि १८५३ मध्ये पंचमहालाचा, म्हणजे या भागाचा, कारभार इंग्रजांकडे गेला, यातलं अक्षर नाही. आम्हा मराठी माणसांना ते ऐकायचं असतं. मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं.

कोणाला जायचं असेल तर नवरात्र (चैत्रातलीसुद्धा), पौर्णिमा आणि रविवार टाळा, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात दगड निसरडे असतात. पाणी माणशी दोन लिटर घ्या. उतरताना थोडं तरी चालणार असाल तर बुटाची घोट्याजवळची नाडी घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही आणि अंगठ्याचं नख दुखत नाही. हे मला त्यानंच खाली वाकून, स्वतःच्या हातानं नाडी बांधून दाखवलं.

जानेवारीसाठी आम्ही दोघींनी पुन्हा नावं दिली आहेत. गाडी किती वाजता सुटणार आणि पैशांत काय काय येतं, ते यावेळी आधी मेसेजवर लिहून मागितलं.