बोटीवर थर्मल कॅमेरा: फिरता, स्थिर की हातातला?

थर्मल कॅमेरा, म्हणजे उष्णतेवरून अंधारातलं चित्र दाखवणारा कॅमेरा, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुठलं मॉडेल घेऊ?" माझा उलटा प्रश्न असतो: रात्री केबिनमध्ये जागे किती जण असतात?

सुकाणूवर एकटा तांडेल आणि बाकीचे खलाशी झोपलेले, अशा बोटीवर रिमोटने फिरणारा कॅमेरा बहुतेक वेळ एकाच दिशेला तोंड करून बसतो. कधी कधी तर चुकीच्या दिशेला. शेवटचं कुणीतरी डावीकडची होडी बघायला तो वळवलेला असतो, सरळ करायचा राहून जातो, आणि तासाभराने स्क्रीनकडे नजर टाकणाऱ्याला वाटतं की समोरचा समुद्र मोकळा आहे. समोरचा म्हणून जो दिसतोय, तो डाव्या कुशीचा समुद्र असतो. त्यामुळे किंमत आणि पिक्सेल नंतर बघू. आधी हा कॅमेरा फिरवणार कोण, ते ठरवा.

पर्याय कोणते

हातात धरायचा कॅमेरा सगळ्यात स्वस्त. बसवायची भानगड नाही, एका बोटीवरून दुसरीवर नेता येतो, माणूस पाण्यात पडला तर डेकवर धावत जाऊन बघता येतं. अडचण एवढीच की तो डोळ्याला लावला की सुकाणूवरची नजर जाते, आणि एका डोळ्याची अंधाराला झालेली सवयही मोडते. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: केबिनच्या काचेतून तो काहीच दाखवत नाही. हे कॅमेरे साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या उष्णतेच्या लहरी टिपतात आणि साधी काच त्या लहरींना भिंतीसारखी अडवते. काचेत तुम्हाला तुमच्याच अंगाची ऊब परावर्तित झालेली दिसेल. या कॅमेऱ्यांची भिंगं काचेऐवजी बहुधा जर्मेनियमची असतात, ती याच कारणासाठी. म्हणजे पावसात खिडकी उघडून डोकं बाहेर काढायची तयारी हवी.

स्थिर कॅमेरा छतावर नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून पक्का बसतो. तो समोरचंच दाखवतो आणि नेहमी समोरचंच दाखवतो. हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो. एकट्या तांडेलासाठी मी तो गुण धरतो. फ्लिर कंपनीच्या एम१३२ सारख्या मॉडेलमध्ये मधला मार्ग आहे: आडवा फिरत नाही, पण वर-खाली झुकवता येतो.

फिरता कॅमेरा, म्हणजे पॅन-टिल्ट, चारही दिशांना गोल फिरतो. फ्लिरचाच एम२३२ यातला प्रवेशाचा: ३२० बाय २४० पिक्सेल, २४ अंशांची आडवी दृष्टी. त्याच्या वरच्या एम३६४ मध्ये ६४० बाय ५१२ पिक्सेल आणि हेलकाव्यात चित्र धरून ठेवणारं जायरो स्थिरीकरण. एम३६४सी मध्ये शेजारी कमी उजेडात चालणारा रंगीत कॅमेराही. फ्लिरने २०१० मध्ये बोटींची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी रेमरीन विकत घेतली आणि २०२१ मध्ये फ्लिर स्वतः टेलिडाइन कंपनीकडे गेली, त्यामुळे रेमरीनचा प्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा स्क्रीन) असेल तर या कॅमेऱ्यांशी जुळणी सगळ्यात सोपी. दुसऱ्या कंपनीचा प्लॉटर असेल तर "चित्र दिसतं" आणि "प्लॉटरवरून कॅमेरा फिरवता येतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदाराकडून दुसरी लेखी घ्या.

चौथा पर्याय म्हणजे जमिनीवरच्या पहाऱ्यासाठी बनवलेला सीसीटीव्ही छापाचा फिरता थर्मल. किमतीने मोह होतो. खाडीतल्या जेटीवर खांबाला लावायला चालेल. बोटीवर मात्र क्षार आणि इंजिनाची थरथर मिळून त्याच्या मोटरचे गिअर आणि स्क्रू खातात. मी तो सुचवत नाही.

आपल्या पाण्यात काय दिसतं

जाहिरातीतली चित्रं बघून फसू नका. ती बहुधा थंड पाण्यातली असतात. पाणी आठ अंशांचं असेल तर माणसाचं डोकं त्यात दिव्यासारखं पेटतं. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या आसपास असतं आणि ओलं डोकं त्याहून फार गरम नसतं. त्यात दमट हवा मधल्या मधे उष्णता शोषून घेते. तरीही माणूस दिसतो, कारण दूरचं पाणी आपण तिरकं बघतो आणि तिरक्या नजरेला ते वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतं, म्हणून खऱ्यापेक्षा थंड भासतं. डिसेंबरच्या निरभ्र रात्री हा फायदा पुरेपूर मिळतो. ढगाळ आभाळात तो आटतो. जोरदार पाऊस आणि दाट धुकं तर थर्मललाही आंधळं करतात, तिथे रडारच.

खाडीच्या तोंडाशी डोल जाळी बांधायचे लाकडी खुंट असतात, त्यांचं उदाहरण घ्या. संध्याकाळी दिवसभराच्या उन्हाने तापलेले खुंट स्क्रीनवर उजळ काड्यांसारखे उभे दिसतात. रात्र चढते तसे ते निवतात, फिके होतात, आणि एक वेळ अशी येते की खुंट आणि मागचं पाणी एकाच राखाडी रंगाचं होऊन खुंट गायब होतात. पुढे पहाटेकडे तेच काळे होऊन परत दिसू शकतात. लाकूड जागच्या जागी असतं, फक्त तापमान जुळलेलं असतं. ज्या वाटेवर खुंट आहेत तिथे कॅमेऱ्यावर भरवसा ठेवून वेग वाढवणं हा वेडेपणा आहे. तरंगतं जाळं आणि त्याचे बोये यांचीही तीच गत.

आणखी एक मर्यादा: थर्मलला रंग कळत नाहीत. समोरच्या बोटीचा लाल दिवा आणि हिरवा दिवा त्याला सारखाच, आणि एलईडी असेल तर जेमतेम एक ठिपका. समोरची बोट कुठल्या अंगाने येतेय हे डोळ्यांनीच बघायचं. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळे, कान आणि हाताशी असलेली सगळी साधनं वापरून टेहळणी ठेवायला सांगतो. कॅमेरा त्या साधनांत मोडतो. तो अंतरही सांगत नाही, फक्त दिशा. त्यासाठी रडार लागतंच. उलट, लाकडी किंवा फायबरची छोटी होडी लाटांच्या गर्दीत रडारवर हरवते तेव्हा तिचं इंजिन आणि वरची माणसं थर्मलवर दिसतात. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात.

पिक्सेलचा हिशेब

हा हिशेब कागदावर एकदा करून बघा, विक्रेत्याचे आकडे आपोआप जमिनीवर येतात. २४ अंशांत ३२० पिक्सेल म्हणजे २०० मीटरवर एक पिक्सेल साधारण २६ सेंटीमीटरचा. पाण्यात पडलेल्या माणसाचं फक्त डोकं वर असतं, ते साधारण तेवढंच. म्हणजे २०० मीटरवर तो माणूस एका पिक्सेलचा ठिपका, आणि लाटेच्या चमकेतून तो वेगळा काढायचा. ६४० पिक्सेलवाल्यात तोच ठिपका ४०० मीटरवर मिळतो, आणि २०० मीटरवर दोन पिक्सेल भरतात. पत्रकावर लिहिलेला डिजिटल झूम यात काही भर घालत नाही, तोच ठिपका मोठा करून दाखवतो. होडी किंवा बोया मोठा असतो, त्याला ३२० चालतात. माणूस शोधणं हेच मुख्य काम असेल, उदाहरणार्थ प्रवासी बोट किंवा गस्तीची बोट, तर पैसे ६४० मध्ये घाला.

पत्रकात ९ हर्ट्झ असं लिहिलेलं दिसलं तर माल सदोष आहे असं समजू नका. अमेरिकेच्या निर्यात नियमांत सेकंदाला ९ चित्रांपर्यंतच्या कॅमेऱ्यांवर बंधनं सैल आहेत, म्हणून बाहेर विकले जाणारे बरेच कॅमेरे तसे येतात. हळू चालणाऱ्या मच्छीमार बोटीला त्याने फरक पडत नाही. २५ नॉटने जाणाऱ्या स्पीडबोटीवर, त्यातही कॅमेरा फिरवत असताना, चित्र तुटक वाटतं.

बसवताना

उंच बसवावा असं सगळ्यांना वाटतं. उंचीने फवारा कमी लागतो आणि नजर लांब जाते हे खरं, पण पायाखालचं दिसेनासं होतं. उभी दृष्टी १८ अंशांची असेल आणि कॅमेरा पाण्यापासून ४ मीटरवर सपाट रोखलेला असेल, तर सगळ्यात जवळचं पाणी २५ मीटरवर दिसतं. ६ मीटरवर बसवला तर ३८ मीटर. म्हणून स्थिर कॅमेरा जरा खाली झुकवून बसवावा. ४ मीटर उंचीवर ५ अंश झुकवला की जवळची हद्द १६ मीटरवर येते. फिरत्याला हे बटणाने करता येतं, पण डोलकाठीच्या टोकावर बसवलेला फिरता कॅमेरा बोटीच्या हेलकाव्यात एवढा झुलतो की स्थिरीकरण नसेल तर बघणाऱ्याला मळमळतं. साध्या फिरत्या मॉडेलची जागा केबिनच्या छतावर, मध्यरेषेत.

धुराड्याच्या मागे नको: काजळीही बसते आणि गरम हवेने चित्रही थरथरतं. रडारच्या झोतासमोर नको, चुंबकी होकायंत्राजवळही नको. उलटा टांगून बसवला तर मेनूमध्ये तसं सांगावं लागतं, नाहीतर डावं-उजवं आणि वर-खाली सगळं फिरतं.

विजेकडे दुर्लक्ष होतं आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. कॅमेऱ्याची तार इंजिन स्टार्ट करणाऱ्या बॅटरीवर टाकली की स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होऊन परत सुरू होतो. वेगळी बॅटरी, वेगळा फ्यूज. तारही जाड हवी: १० मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत ४ अँपियर खेचले तर जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टहून जास्त गळतो. छतातून तार आत घेण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत येणार नाही. जोडणीवर आपोआप चिकटणारी रबर टेप गुंडाळा. साध्या काळ्या टेपखाली पहिल्याच हंगामात हिरवा गंज धरतो.

नेटवर्कची गंमत वेगळीच. प्लॉटर स्वतः जोडलेल्या उपकरणांना नेटवर्कचे (आयपी) पत्ते वाटतो. मोबाइलवर चित्र बघायला म्हणून कुणीतरी वाय-फाय राउटर जोडतो, तोही पत्ते वाटायला लागतो, आणि कॅमेरा कधी दिसतो, कधी नाही. कॅमेरा बिघडला म्हणून काढून पाठवण्याआधी दोघांपैकी एकाचं पत्तेवाटप बंद करा.

चालवताना

फिरत्याला तीन प्रकारे हलवता येतं: स्वतंत्र जॉयस्टिक, प्लॉटरचा स्क्रीन, किंवा मोबाइल-टॅब. हेलकावणाऱ्या बोटीत ओल्या बोटांनी काचेवर कॅमेरा फिरवणं म्हणजे वैताग. जॉयस्टिक महाग वाटते, पण फिरता घेत असाल तर तिचे पैसे धरूनच हिशेब करा. ती सुकाणूपासून हात न उचलता पोहोचेल अशी, अंधारात चाचपून सापडेल अशी बसवा. मोबाइल नांगर टाकल्यावर खाली बंकवर पडून बघायला ठीक.

पहिल्याच दिवशी "होम" दिशा नेमकी नाळेवर लावून घ्या आणि कॅमेरा वापरणाऱ्या प्रत्येकाला सवय लावा: बघून झालं की होम. सुरुवातीला जी चुकीची दिशा म्हटली तिच्यावर याहून स्वस्त उपाय नाही. फिरत्याची एक सोय मला मनापासून आवडते. नांगरावर असताना तो ठरवलेल्या कोनात आपोआप डावीकडून उजवीकडे झाडत राहतो. रडारवरच्या ठिपक्याकडे आपणहून वळणारे कॅमेरेही आहेत, पण त्याला बोटीची दिशा सांगणारा सेन्सर अचूक लागतो. तो काही अंशांनी चुकला तर २४ अंशांच्या खिडकीत ठिपका कोपऱ्यात जातो.

चित्र रंगवायच्या पट्ट्या बऱ्याच असतात, रात्री एकच वापरा: गरम ते पांढरं. समुद्र आणि आकाश काळपट राहतं, स्क्रीनचा उजेड कमी पडतो, डोळे शाबूत राहतात. मधूनच टक् असा बारीक आवाज येऊन चित्र क्षणभर थिजतं, तो बिघाड नाही. सेन्सर स्वतःला जुळवून घेत असतो.

मग कुणी काय घ्यावं

हर्णै-मिरकरवाड्यासारख्या बंदरातला दहा-बारा मीटरचा मच्छीमार, रात्री सुकाणूवर एकटा: स्थिर ३२० चा, थोडा खाली झुकवलेला, आणि उरलेल्या पैशांत चांगली बॅटरी नि तारा. जमलं तर हातातला एक जोडीला. पर्यटकांना गळाने मासेमारीला नेणारी छोटी बोट, जी काळोख पडायच्या आत परतते: फक्त हातातला, तोही हौस असेल तर. मांडव्याला उभी राहणारी खाजगी यॉट, जिच्यावर दुसरा माणूस टेहळणीला असतो: एम२३२ च्या दर्जाचा फिरता, जॉयस्टिकसह. रात्री प्रवासी नेणाऱ्या बोटीला स्थिरीकरण असलेला ६४० चा फिरता. तिथे काटकसर करू नये.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट शाकारून ठेवताना फिरत्याचं भिंग आत किंवा खाली वळवून ठेवा. भिंगावर क्षार वाळला तर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग मऊ कापड. कोरडंच घासलं तर वरचा लेप जातो.

आणि उरलेले पैसे देण्याआधी बसवणाऱ्याला घेऊन रात्री खाडीबाहेर जा. पाच लिटरचा प्लास्टिक कॅन कोमट पाण्याने पाऊणभर भरून, दोरी बांधून, दुसऱ्या होडीकडून पाण्यात सोडायला लावा. तुम्ही १०० मीटरवर थांबा, मग २०० वर. रोज रात्री जो सुकाणूवर असतो त्यालाच तो शोधायला सांगा, कॅमेरा विकणाऱ्याला नाही. १०० वरसुद्धा त्याला सापडला नाही तर कोन, उंची, सेटिंग बदलून तिथेच परत बघा आणि तोवर पाकीट खिशातच ठेवा.