पोरीच्या कस्टडीसाठी मिडिएशन घेतलं, ४ स्टार का ते सांगते

वेगळं व्हायचं ठरल्यावर पैशाअडक्याचं आमचं लवकर मिटलं, अडलं ते पोरीवरून. वकिलांचे कागद तयार होते, तेवढ्यात एकीने सुचवलं की आधी मिडिएशन करून बघा, म्हणजे दोघांना बसवून एक तटस्थ माणूस बोलणं पुढे नेतो आणि तोडगा आपणच काढायचा, म्हणून गेलो. मला वाटलेलं कोणीतरी "जमवून घ्या, संसार मोडू नका" ऐकवणार, तसं असतं तर मी पाचव्या मिनिटाला उठले असते. पण मिडिएटर मॅडमनी आधीच सांगून टाकलं की तुम्हाला परत एकत्र आणणं माझं काम नाही, चूक कोणाची ते ठरवणंही नाही, निर्णय तुम्हीच घ्यायचाय, आणि इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त मुलीला धोका आहे असं दिसलं तर मी गप्प बसणार नाही. त्याआधी दोघांना वेगवेगळं बसवून मारहाण, धमक्या, एकमेकांची भीती असलं काही आहे का ते पण विचारलेलं.

पहिलं सेशन पाण्यात. दोघांनी जुनी उणीदुणी काढली. दुसऱ्याला मॅडमनी एकच विचारलं, तिचा दम्याचा पंप कुठे असतो? तो म्हणाला हिच्याकडे, मी म्हटलं दप्तरात. बरं, मग शनिवारी रात्री बाबांकडे असताना तिला धाप लागली आणि दप्तर आईकडे असलं तर? दोघंही गप्प. आमचं सगळ्यात पहिलं एकमत झालं ते यावर, दोन घरांत दोन पंप, आणि मॅडमनी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. तिथून पुढे "ताबा कोणाला" हा विषय जवळजवळ निघालाच नाही, कोणता वार कोणाकडे, डॉक्टरकडे कोण नेणार, व्हिडिओ कॉल किती वाजता, हेच चाललं. डोकी तापली की आम्हाला दोन खोल्यांत बसवून त्या स्वतः ये-जा करायच्या.

लेकीशी एक बाई वेगळं बोलल्या. आई हवी की बाबा, असलं काही विचारलं नाही (ते कधीच विचारू नये म्हणे). नऊ वर्षांची आहे, ती एवढंच म्हणाली की मी बॅग घेऊन गेटपाशी मधे उभी असते आणि हे दोघं एकमेकांकडे बघत पण नाहीत. मला त्यानंतर दोन दिवस धड जेवण गेलं नाही. आता सकाळी एक जण शाळेत सोडतो, संध्याकाळी दुसरा तिथूनच घेऊन जातो, गेटचा प्रश्नच मिटला.

आता तक्रार. कागदावर लिहिलेलं, सुट्ट्या "दोघांच्या सोयीने" वाटून घ्याव्यात. पहिल्याच सुट्टीत दोघांनीही तिची तिकिटं काढून ठेवली आणि आठवडाभर परत तेच रणकंदन!! असले मोघम शब्द मिडिएटरने ठेवूच कसे दिले? शेवटी अजून एक सेशन घेऊन सम वर्ष त्याचं, विषम माझं, कधी नेणार किती वाजता आणणार, सगळं तारखेनिशी घातलं. आणि नुसत्या सहीच्या कागदावर कोणी अडून बसलं तर हातात काही नसतं, कोर्टाकडून त्याचा आदेश करून घ्यावा लागतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सही करायच्या आधी आपल्या वकिलाला दाखवाच.

नंतर वाचलं की अमेरिकेत रॉबर्ट एमरी या मानसशास्त्रज्ञांनी कस्टडीवरून कोर्टात निघालेल्या जोडप्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून काहींना मिडिएशन दिलं, काहींना नेहमीचा कोर्टाचा रस्ता. मिडिएशन सरासरी पाच-सहा तासच. १२ वर्षांनी बघितलं तर ज्यांच्याकडे मूल राहत नव्हतं अशा पालकांपैकी मिडिएशनवाले २८ टक्के दर आठवड्याला मुलांना भेटत होते आणि कोर्टवाले ९. मी हे त्याला फॉरवर्ड केलं, निळी टिक आली, उत्तर नाही. पण त्या शुक्रवारी वेळेवर आला.

घरात मारहाण असेल किंवा समोरच्याच्या धाकाने तोंडच उघडत नसेल तर मात्र या वाटेला जाऊ नका, सरळ कोर्टात जा. बाकी कोणी विचारलं तर मी जा म्हणेन. एक स्टार कापलाय तो "सोयीने" या शब्दासाठी.